नवरीचा डावा हात

फुलं विकणाऱ्या बाईनं हसतमुख असावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी तशी कधीच नव्हते. पनवेलच्या बाजारात सासूबाईंनी दुकान टाकलं तेव्हा ते हारांचं होतं. देवाचे हार, सत्यनारायणाची फुलं, वेण्या, गजरे. त्या गिऱ्हाइकाशी गोड बोलायच्या आणि घरच्यांना सांगायच्या, हिला काउंटरवर बसवू नका, हिला मागे हार ओवू दे. पुढे त्या थकल्या आणि काउंटर माझ्याकडेच आला. आता दुकान सून बघते, मी सणावारी आणि लग्नसराईत तेवढी जाऊन बसते. दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा सुनेनं बजावलं, आई, काहीतरी छान, प्रसन्न लिहा. मला ते जमायचं नाही. फुलांच्या धंद्यानं मला पोटाला दिलं, नाव दिलं आणि भरपूर राग दिला. त्या रागातला मोठा वाटा नवरीच्या हातातल्या गुच्छाचा आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

आपल्याकडे नवरीच्या हातात गुच्छ हा प्रकार पूर्वी नव्हता. हार असायचा, तो नवऱ्याच्या गळ्यात पडला की फुलांचं काम संपलं. गुच्छ लागायचा तो फक्त ख्रिस्ती लग्नांना. मग हायवेला एकामागून एक लॉन उघडली, लग्न सकाळी आणि रिसेप्शन संध्याकाळी असं सुरू झालं, नवरा कोटात आणि नवरी घागऱ्यात तासन्‌तास स्टेजवर उभी राहायला लागली. नुसत्या उभ्या नवरीचे हात फोटोत कुठे ठेवायचे, हा फोटोग्राफरांना प्रश्न पडला आणि माझ्याकडे गुच्छाच्या ऑर्डरी यायला लागल्या.

मला हे काम फिलोमिना आंटींनी शिकवलं. त्या नवीन पनवेलला राहायच्या आणि चर्चमधली फुलं सजवायच्या. गुच्छ म्हणजे फुलांची जुडी बांधली आणि वर रिबीन लावली, एवढंच मला वाटत होतं. त्यांनी माझा पहिला गुच्छ सोडून टाकला आणि पुन्हा बांधायला लावला. त्यांचं म्हणणं असं की गुच्छ फुलांपासून सुरू होतच नाही. आधी नवरीची उंची बघायची, मग तिचे हात, मग कपडा, आणि फुलं सगळ्यात शेवटी.

गुच्छाचे प्रकार तसे मोजकेच. गोल गुच्छ आटोपशीर असतो, एका हातात मावतो. लांब देठांचा आडवा गुच्छ तान्ह्या मुलासारखा कोपरावर घ्यायचा, तो उंच मुलीला शोभतो. मनगटावर बांधायचा छोटा गुच्छ करवल्यांना बरा. आणि चौथा तो वरून भरगच्च आणि खाली वेलीसारखा सोडलेला. त्याला आम्ही दुकानात धबधबा म्हणतो. त्याच्या आत ओला हिरवा फोम असतो, फोममध्ये पाणी असतं, वरून तारा आणि ऑर्किडच्या लड्या. दिसायला देखणा, पण वजन सगळं पुढे ओढतं. तो दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरावा लागतो. नवरीला धड नमस्कार करता येत नाही, पाणी पिता येत नाही, कपाळावरचा घाम पुसता येत नाही.

आणि गिऱ्हाइकांना नेमका तोच हवा असतो. कारण निवडायला येतात ते बाकीचे सगळे. मामी येते, जाऊ येते, मोबाइलमध्ये फोटो घेऊन आतेभाऊ येतो. एकदा खांदा कॉलनीतली एक ठेंगणीशी मुलगी बिचारी आईच्या मागे उभी होती आणि आई लिलीचा धबधबा ठरवत होती. मुलगी मध्येच हळूच म्हणाली की मला लिलीनं शिंका येतात. आई म्हणाली, एक दिवस सहन कर. मी लिली दिली नाही. आई रागावली, मीही रागावले, शेवटी गुलाब गेले. असं रोजचंच. पण एका लग्नाचा राग मात्र अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तुळशीची लग्नं होऊन गेली होती, हंगाम नुकताच सुरू झाला होता. एका सकाळी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. आतून एक बाई उतरल्या, फिकट जांभळी साडी, बोलणं अगदी मऊ. त्या नवऱ्या मुलाच्या आई, शैलाताई. बरोबर त्यांची मुलगी रूपाली. मागच्या रिक्षातून नवरीकडची माणसं आली. नवरी दीप्ती, तिचे वडील आणि तिची जनाआत्या. ही मंडळी जासईच्या बाजूच्या गावातली. वडील दुकानात आलेच नाहीत, पायरीशी उभे राहिले. आत्यांनी नऊवारी नेसली होती, त्या आत येऊन स्टुलावर बसल्या. दीप्ती सगळ्यांच्या मागे, डावा हात ओढणीत गुंडाळलेला.

रिसेप्शन पळस्प्याच्या पुढच्या एका मोठ्या लॉनवर होतं. स्टेजचं काम त्यांनी मुंबईच्या डेकोरेटरला दिलं होतं, माझ्याकडे हार आणि नवरीचा गुच्छ. शैलाताईंनी रूपालीच्या मोबाइलमधला फोटो दाखवला. धबधबा. तोही असा की गुडघ्यापर्यंत आलेला.

मी म्हटलं, मुलगी बारीक आहे, हा तिला पेलणार नाही. तिचे हात बघू द्या.

रूपालीनं आईकडे बघितलं. शैलाताई जराशा पुढे झुकल्या आणि अगदी समजुतीच्या सुरात मला म्हणाल्या, की त्यासाठीच तर मोठा हवाय. दीप्तीच्या डाव्या हाताला थोडा प्रॉब्लेम आहे. तिचे दोन्ही हात फुलांच्या आत राहतील असं काहीतरी करा.

"लपवायचं असं काही नाहीये हो," त्या म्हणाल्या. "पण फोटो जन्मभर राहतात."

मी काउंटरवरून बाहेर आले आणि दीप्तीला म्हटलं, दाखव बघू. तिनं ओढणी सोडली. अंगठा आणि करंगळी शाबूत होती, तिच्या शेजारचं बोट अर्धं. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. जखम फार जुनी, कातडी गुळगुळीत झालेली. मी तो हात हातात घेतला, उलटा केला, पकड बघितली. शैलाताई तेवढा वेळ भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघत होत्या.

मी साध्या शब्दांत सांगितलं. या हातानं धबधबा धरायचा तर सगळं वजन अंगठ्यावर येणार. तास-दीड तासात अंगठा सुजेल. त्यात नमस्कार करायला हात मोकळा राहणार नाही, आणि स्टेजवर तर सगळी वडीलधारी माणसं येणार.

"नमस्कार निखिल करेल दोघांचा," शैलाताई म्हणाल्या.

आजही हे वाक्य लिहिताना माझ्या कानशिलाला गरम लागतं. दोघांचा नमस्कार एकानं करायचा, म्हणजे दुसरी स्टेजवर आहे कशाला? मी जनाआत्यांकडे बघितलं. त्या खाली बघून पदराचं टोक पिळत होत्या. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आमी काय सांगनार बाई? त्यांना पायजे तसा करा." पायरीवरच्या वडिलांनी तर पाठ फिरवली होती, ते रस्त्यावरच्या टेम्पोकडे बघत होते.

मी म्हटलं, मी गोल गुच्छ बांधीन, हलका. तो हवा असेल तर सांगा. लपवण्यासाठी मी फुलं बांधत नाही.

शैलाताई हसल्या. त्या शेवटपर्यंत हसतच होत्या, मला त्याचाच जास्त संताप आला. त्या म्हणाल्या, तुम्हाला आमची अडचण कळली नाही बहुतेक, असू दे, आम्ही दुसरीकडे बघतो. हारांची ऑर्डरही रद्द झाली आणि गाडी गेली. मागून रिक्षाही गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीप्ती एकटीच आली. खांद्याला ऑफिसची बॅग, पायात धुळीनं माखलेल्या चपला. जासईच्या एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर काम करायची. दिवसभर कंटेनरचे नंबर टाइप करायचे. मी तिला चहा सांगितला. तिनं डाव्या हातानं ग्लास उचलला, अंगठा आणि करंगळीमध्ये, इतका सहज की मला माझ्याच बघण्याची लाज वाटली.

तिनं सगळं सांगितलं. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी. ती शाळेत जायला लागली त्या सुमाराला एकदा गिरणीत खेळत होती, पट्टा चालू होता, हात गेला. त्यात फार काही सांगण्यासारखं तिला वाटत नव्हतं. गावात त्या हाताकडे कुणी बघायचंही नाही. ती त्याच हातानं विहिरीवरून पाणी भरत होती, शाळेत खो-खो खेळत होती, शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेत होती. निखिल तिला कामावरच भेटला. तो माल सोडवण्याचे कागद घेऊन यार्डात यायचा. त्यानं पहिल्या दिवशी तो हात बघितला होता, आणि दोन वर्षं बघत होता, त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. लग्न त्यानंच मागणी घालून ठरवलं. साखरपुडा झाला आणि मग एकेक सूचना यायला लागल्या. साखरपुड्याच्या फोटोत हात मागे. केळवणाला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. आता गुच्छ.

"आणि निखिल काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, आत्ता आईचं ऐकू. एकदा लग्न होऊन जाऊ दे."

या मुलाचा मला जितका राग आला तितका त्याच्या आईचाही आला नव्हता. आई निदान जे वाटतं ते तोंडानं बोलत होती. याला सगळं कळत होतं आणि हा गप्प होता. मी तसं दीप्तीला बोलूनही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि चहा संपवला.

"मला एक गुच्छ बांधून द्या वहिनी," ती म्हणाली. "या हातात धरता येईल असा. उजवा हात मला मोकळा हवा."

मी फोमचा एक ठोकळा पाण्यात भिजवला आणि तिला म्हटलं, याला दाब, जसं तुला धरायला सोपं जाईल तसं. ओल्या फोमवर साधं नख लागलं तरी ठसा राहतो. तिनं डाव्या हातात ठोकळा धरून दाबला. अंगठ्याचा खोल खड्डा पडला, करंगळीचा त्याच्या समोर, आणि अर्ध्या बोटाचा एक लहानसा. त्या खड्ड्यांवरून मी मूठ बनवली. आत बांबूची बारीक काडी, वर सुती कापड, जिथे तिची बोटं टेकायची तिथे कापडाची जाड घडी. गुच्छाची मूठ सरळ असते, ही जराशी वाकडी केली, म्हणजे वजन तळहातावर येईल आणि अंगठ्यावर ताण पडणार नाही. एवढ्या वर्षांत मी केलेल्या कामातलं ते सगळ्यात नीट काम होतं, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

मग फुलांचं निघालं. माझ्या डोक्यात फिकट गुलाबी गुलाब होते. ती म्हणाली शेवंती. पिवळी.

मी म्हटलं, अगं, शेवंती दसऱ्याला दाराला लावतात. रिसेप्शनला ती शोभणार नाही, लोक हसतील. गुलाब घे, ऑर्किड घे, मी चांगला माल आणते.

ती माझ्याकडे बघून हसली. "आता तुम्ही पण?"

शेवंती ठरली. पिवळी शेवंती, मध्ये निशिगंधाच्या न उमललेल्या कळ्या, कडेला शतावरीची बारीक पानं. तिचं कारण साधं होतं, की तिला शेवंती आवडते आणि ती दिवसभर ताठ राहते. दुसरी गोष्ट खरीच आहे. गुलाब संध्याकाळी मान टाकतो, शेवंती टाकत नाही.

रिसेप्शनच्या दिवशी मी स्वतः रिक्षा करून लॉनवर गेले. दीप्तीनं तशी अट घातली होती की गुच्छ माझ्याच हातात द्या, मध्ये कुणाला देऊ नका. दिवस अजून मावळला नव्हता. नवरीच्या खोलीत मेकअपवाली होती, जनाआत्या होत्या, रूपाली दाराशी खुर्ची टाकून बसली होती. एका कोपऱ्यात दीप्तीचे वडील, नव्या कडक शर्टात अवघडून उभे. टेबलावर दुसरीकडून बांधून आणलेला धबधबा पडला होता. पांढऱ्या लिली होत्या आणि त्यांच्या आतले पिवळे परागही तसेच ठेवलेले. लिलीचे पराग काढल्याशिवाय गुच्छ द्यायचा नसतो, कपड्यावर पडले तर डाग जन्मात निघत नाहीत. एवढंही त्या माणसाला माहीत नव्हतं. पण मी पराग बघत राहिले नाही, कारण त्या गुच्छाशेजारी हातमोजे ठेवलेले दिसले.

कोपरापर्यंतचे जाळीचे हातमोजे, मलईच्या रंगाचे. उजवा रिकामा, चपटा. डाव्याची तीन बोटं फुगलेली. मी उचलून बघितलं. आत कापूस भरला होता. घट्ट, नीट, शिवणीपर्यंत, आणि एका बोटाला थोडा बाक दिला होता, खरं वाटावं म्हणून.

माझा आवाज चढला. मी रूपालीला विचारलं की हे कुणाचं डोकं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की आम्ही नाही आणलं हां, उगाच आमच्यावर येऊ नका. मेकअपवालीनं मान हलवली. मी पुन्हा विचारलं.

"मी आनला," कोपऱ्यातून दीप्तीचे वडील म्हणाले.

इतका वेळ मी त्यांना गरीब, दबलेला माणूस समजत होते. त्यांनीच मुंबईला जाऊन ते मोजे आणले होते, आणि कापूस त्यांनी स्वतः बसून भरला होता. "लोकान्ला कशाला दिसायला पायजे," ते म्हणाले. "एक दिवसाचा तर सवाल हाय."

दीप्ती आरशासमोर बसली होती. ती उठली, मोजा हातात घेतला. चढ्या आवाजात ती काही बोलली नाही, त्यामुळे तिचा शब्द न्‌ शब्द सगळ्यांना ऐकू गेला.

"बाबा, पट्टा तुमचा व्हता. मी कदी तुमाला बोलले का? शालेत बोलले, घरात बोलले? मंग माजा हात तुमी कशाला लपवता? तुमाला बगवत नाय म्हनून?"

तिनं मोज्याच्या बोटांतला कापूस चिमटीनं ओढून काढला. एकेक पेळू निघत गेला आणि मोजा मऊ पडला. तिनं तो वडिलांच्या हातात ठेवला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात कोंबला, जाळीची दोन बोटं खिशाबाहेर लोंबत राहिली, आणि ते तसेच खोलीबाहेर गेले. जनाआत्या तोंडाला पदर लावून रडत होत्या. मी रडले नाही. मला कुणालातरी धरून हलवावंसं वाटत होतं आणि आता नेमकं कुणाला, तेच कळत नव्हतं. लेकीचा हात त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता, त्या बापावर तरी किती रागवायचं?

मी माझा डबा उघडला आणि गुच्छ तिच्या डाव्या हातात दिला. मूठ बरोबर बसली. तिनं हात वर-खाली करून बघितला.

तेवढ्यात शैलाताई आल्या. त्यांनी शेवंती बघितली, उघडा हात बघितला, मला बघितलं. तरीही आवाज मऊच.

"दीप्ती, आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं, आई."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की तुम्हाला इथे कुणी बोलावलं. मी म्हटलं, नवरीनं. मला खूप बोलायचं होतं. पण जनाआत्यांनी मागून माझं मनगट धरलं, कारण पोरीला त्याच घरात नांदायचं होतं. म्हणून मी एकच बोलले.

"हा हात तुमच्या घरात जन्मभर राहणार आहे. फोटोत तरी राहू द्या."

पुढचं मी स्टेजच्या बाजूच्या खुर्चीवर बसून बघितलं. निघून जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. दीप्ती स्टेजवर गेली. फोटोग्राफरनं लगेच तिला वळायला सांगितलं, गुच्छ उजव्या हातात घ्यायला सांगितला. ती म्हणाली, असाच घ्या. त्यानं निखिलकडे बघितलं. निखिलनं खाली उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. तो घामाघूम झाला होता, तोंड उघडलं आणि मिटलं. मी मनात त्याला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

पाहुण्यांची रांग सुरू झाली. बहुतेकांनी आधी शेवंती बघितली, मग हात बघितला, मग पटकन नजर वर नेली. एका भरजरी बाईनं मात्र सरळ विचारलं की अगंबाई, हाताला काय झालं. दीप्ती म्हणाली की लहानपणी गिरणीच्या पट्ट्यात बोटं गेली, आणि लगेच म्हणाली की जेवून जा हं. बाई जेवायला गेली. इतके दिवस ज्याची भीती होती ते एवढंच होतं. एवढ्यासाठी मोजे, बाह्या, धबधबे.

मग गावाकडच्या बायकांचा टेम्पो आला. अबोलीचे गजरे, मोठमोठ्या नथी, हसणं-बोलणं मोठ्यानं. त्या स्टेजवर चढल्या आणि जिला जो हात जवळ तो तिनं धरला. एक म्हातारी दीप्तीचा डावा हात गुच्छासकट आपल्या दोन्ही हातांत धरून उभीच राहिली, रांग तुंबली तरी हलेना.

शेवटी घरच्यांच्या फोटोसाठी हाक मारली. दीप्तीचे वडील सापडेनात. कुणीतरी त्यांना पार्किंगमधून आणलं. ते वर आले, सगळ्यांना वळसा घालून गेले आणि लेकीच्या डाव्या बाजूला उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, काका, उंचीप्रमाणे, तुम्ही त्या बाजूला या.

"मी हितंच उबा रानार," ते म्हणाले, आणि त्यांनी तिचं डावं मनगट धरलं, गुच्छाच्या मागे. खिशातून लोंबणारी बोटं दिसत नव्हती, मोजा त्यांनी कुठेतरी टाकून दिला असावा. फोटो निघाला तेव्हा मी उठले आणि जेवल्याशिवाय घरी आले.

त्या लग्नानंतर शैलाताईंनी त्यांच्या ओळखीत माझ्याबद्दल सांगायचं ते सांगितलं. भांडकुदळ बाई आहे, गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसते. त्यांच्या ओळखीतल्या बिल्डर मंडळींची बरीच लग्नं माझ्या हातून गेली. पण एक नियम मी त्यानंतर केला आणि सुनेलाही पाळायला लावते. नवरी स्वतः आल्याशिवाय गुच्छ ठरत नाही. तिला खुर्ची काउंटरच्या पुढे, बाकीच्यांनी मागे. ज्यांना हे पटत नाही त्यांना रस्ता मोकळा आहे.

दीप्ती आणि निखिल पुढे वेगळे राहायला गेले, खांदा कॉलनीत. तिनं नोकरी सोडली नाही. ती मधून मधून दुकानात येते. एकदा म्हणाली की निखिल शेवटी आईशी बोलला, नीट, समोर बसून. आईनं अल्बमसाठी दीप्तीचा हात कापून करून घेतलेले फोटो त्यानं फोटोग्राफरकडे परत पाठवले आणि हातासकट पुन्हा करून घेतले. उशिरा बोलला पण बोलला, असं तिचं म्हणणं. तिनं त्याला माफ केलंय. तो तिचा संसार आहे. मी केलेलं नाही.

निखिल दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला माझ्याकडेच फुलं घ्यायला येतो. दुसरीकडे गेला असता तर मला चाललं असतं. आला की मी त्याला काउंटरसमोर उभा करते आणि विचारते, काय हवंय ते तिला विचारलंस का? तो म्हणतो, सरप्राइज आहे. मी म्हणते, मग नाही मिळणार. मग तो माझ्यासमोर तिला फोन लावतो, ती जे सांगते तेवढंच मी बांधते. मागच्या वर्षी त्यानं फोन लावला, स्पीकर सुरू केला, आणि ती म्हणाली की आज काही नको, फुलं कालच आणलीत मी, तू वेळेवर घरी ये.

तो माझ्याकडे बघायला लागला. समोर गुलाब होते, निशिगंध होता, शेवंतीची टोपली भरलेली. त्यानं हळूच विचारलं, वहिनी, एखादं तरी?

मी म्हटलं, ती नको म्हणाली ना? आणि त्याला एकही फूल दिलं नाही.